ईसी शेडच्या पंख्याचा बेल्ट आणि पुली : देखभाल कशी ठेवावी

(आमच्याकडून बेल्टवर चालणारे ५० इंची एक्झॉस्ट पंखे घेतलेल्या ईसी, म्हणजे आतली हवा आणि तापमान यंत्राने नियंत्रित ठेवणाऱ्या (एन्व्हायर्नमेंटली कंट्रोल्ड), पोल्ट्री शेडच्या मालकांसाठी आणि शेडवर राहणाऱ्या कामगारांसाठी)

पंखा फिरताना दिसतो म्हणून तो पुरती हवा ओढतोच आहे, असे धरून चालू नका.

आपल्या पंख्याची १.५ एचपी मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे मारते. पात्यांना मात्र ४४० च्या आसपासच फेरे लागतात. मोटारीवर लहान पुली आणि पात्यांवर मोठी पुली बसवून हे जमवलेले असते, आणि दोघींमधला दुवा म्हणजे एक ए-सेक्शनचा (‘ए’ मापाचा, व्ही-आकाराचा) बेल्ट. तो सैल पडला की मोटार तेवढीच फिरते, पाती मात्र मागे पडतात. ४४० चे ३९६ फेरे झाले तर डोळ्यांना काही कळत नाही, पण हवा १० टक्के घटलेली असते. दहापैकी पाच पंख्यांची अशी गत असेल, तर अर्धा पंखा बंद ठेवल्यासारखेच झाले. पाती हळू फिरल्याने मोटारीवरचा भार उलट हलका होतो. त्यामुळे ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटार बंद करणारा स्विच) ट्रिप होत नाही आणि पॅनलही काही सांगत नाही. सांगतात ते पक्षी. मे महिन्यातल्या दुपारी, बॅच विक्रीला आलेली असताना ते चोच उघडून धापा टाकू लागतात, आणि तेव्हा हातात फार थोडा वेळ असतो.

म्हणून फेरे मोजा. चकाकणारी पट्टी चिकटवून दुरून मोजणारा डिजिटल टॅकोमीटर महाग नसतो. नवीन पंख्याचे फेरे फ्रेमवर रंगाने लिहून ठेवा आणि दर बॅचच्या आधी त्यांच्याशी ताडून पाहा.

हात घालण्यापूर्वी

कंट्रोलरवर (तापमान पाहून पंखे चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) पंखा ‘ऑफ’ दिसतो, पण तो बंद केलेला नसतो. शेडचे तापमान थोडे चढले की तो आपोआप सुरू होतो. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये बोट सापडले तर ते वाचत नाही. त्या पंख्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, पॅनलला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. शेजारचे पंखे चालू असतील तर बाहेरची हवा या पंख्यातून आत शिरते आणि वीज नसतानाही पाती उलटी फिरतात. त्यामुळे पाती दोरीने बांधूनच काम सुरू करा. शेडमध्ये पक्षी असतील तर हे काम सकाळच्या गारव्यात, एका वेळी एकच पंखा बंद करून उरका.

ताण किती असावा

अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची सवय सगळ्यांनाच असते, पण प्रत्येकाचा अंगठा वेगळा. त्यापेक्षा दोन पुलींच्या मधला मोकळा बेल्ट मोजा. त्याच्या बरोबर मध्यावर स्प्रिंगकाट्याचा हूक अडकवून काटकोनात ओढा. ए-सेक्शनच्या बेल्टला एक ते दीड किलोच्या ओढीने दर १०० मिलिमीटर लांबीमागे १.६ मिलिमीटर झोल पडावा. मोकळी लांबी ४५० मिलिमीटर असेल तर झोल सुमारे ७ मिलिमीटर. यापेक्षा जास्त असेल तर बेल्ट सैल आहे. सैल बेल्ट पंखा सुरू होताना चीं-चीं करतो, पुलीखाली काळी भुकटी साचते आणि बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकू लागतात.

घट्ट बेल्टही तितकाच वाईट. ‘एकदाच कसून ठेवू’ म्हणून ताणला तर मोटारीचे पुढचे बेअरिंग तापते आणि घरघरते. मग बेल्टच्या जागी बेअरिंगचा खर्च पडतो.

नवा बेल्ट चालू लागल्यावर थोडा ताणला जातो आणि खाचेत बसतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत तो पुन्हा तपासून ताण द्यावाच लागतो. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त राहून जाणारे काम हेच. ज्या पंख्यांना स्प्रिंगचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आहे, त्यांत हा ताण आपोआप मिळतो. तिथे फक्त टेन्शनरची चाके मोकळी फिरतात का, एवढे पाहा.

पुलीकडेही पाहा

बेल्ट वरचेवर बदलतात, पुली वर्षानुवर्षे तशीच राहते. बेल्ट पुलीच्या खाचेच्या दोन्ही तिरप्या बाजूंना धरून चालतो, तळाला टेकून नाही. खाच झिजली की बेल्ट आत धसतो. लहान पुलीत तो दोन मिलिमीटर खाली गेला तर १०० मिलिमीटरची पुली ९६ ची झाल्यासारखे होते आणि बेल्ट अजिबात न घसरताही पंख्याचे चार टक्के फेरे जातात. अशा पुलीवर कितीही चांगला बेल्ट घातला तरी फेरे परत येत नाहीत. खाचेचा तळ घासून चकचकीत दिसला किंवा बेल्टची पाठ पुलीच्या काठाच्या खाली गेलेली दिसली, तर पुली बदला. मोटारीवरची लहान पुली आधी झिजते, कारण फेरे तिचे जास्त.

दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे लाईनदोरीने पाहता येते. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या अंगाला दोरी ताणून लहान पुलीपर्यंत आणा. दोन्ही पुलींच्या काठांची जाडी सारखी असेल तर दोरी चारही कडांना एकदम टेकली पाहिजे. टेकत नसेल तर मोटारीचे बोल्ट सैल करून ती सरकवा. बेल्टची एकच कड झिजत असेल तर कारण बहुधा इथेच सापडेल.

हे कृपया करू नका

बेल्ट स्क्रू-ड्रायव्हरने किंवा टॉमीने (लोखंडी कांबीने) ओढून चढवू नका. आतले दोरे तुटतात, वरून काही दिसत नाही आणि बेल्ट ऐन उन्हाळ्यात तुटतो. मोटार मागे सरकवा, बेल्ट हाताने चढवा, मग ताण द्या. आवाज बंद करायला राळ किंवा चिकट स्प्रे मारू नका. त्यावर पिसे आणि तुसाची धूळ बसते. बेअरिंगला ग्रीस देताना बाहेर आलेले ग्रीस लगेच पुसा. ते बेल्टला लागले तर रबर फुगते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवा वाढवण्यासाठी मोटारीला मोठी पुली लावण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. फेरे १० टक्के वाढवले तर हवा १० टक्केच वाढते, पण मोटारीवरचा भार ३३ टक्के वाढतो. मोटार जळते, आणि तीही सर्वांत उष्ण दिवशी.

वर्षभरात

हिवाळ्यात टायमरवर दोन-तीनच पंखे सतत चालू-बंद होतात आणि त्यांचे बेल्ट लवकर झिजतात. बाकीच्या पंख्यांचे बेल्ट एकाच जागी वाकून कडक होतात. म्हणून टायमरवरचे पंखे आलटून-पालटून ठेवा. फेब्रुवारीत सर्व पंख्यांची एकदा पूर्ण तपासणी करा. पाती आणि शटर पुसून घ्या, कारण साचलेली धूळ पात्यांचा तोल बिघडवते. जादा बेल्ट शेडवर ठेवाच, पण खिळ्याला टांगून नको. सैल वेटोळे करून डिझेल आणि उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा.

बेल्ट मागवताना त्यावर छापलेला नंबर, उदाहरणार्थ ‘ए ६२’, आणि दोन्ही पुलींचा व्यास कळवा. नंबर पुसला गेला असेल तर जुना बेल्ट मोजून सांगू नका, तो ताणलेला असतो. पंख्याच्या फ्रेमवरच्या पाटीचा फोटो पाठवा, त्यावरून आम्ही योग्य बेल्ट देऊ.