कथालेखनाचा रोजचा सराव

कथालेखनाचा रोजचा सराव म्हणजे ठरलेल्या वेळी बसून कथेतलं एकच कुठलंतरी कसब, मग ते संवाद असो, वर्णन असो, निवेदकाचा आवाज असो की काळाची हाताळणी, ते छोट्या तुकड्यावर घोटायचं, लिहिलेलं तपासायचं आणि तोच तुकडा परत लिहायचा. रोज कथा लिहिणं वेगळं आणि हे वेगळं. रोज दोन पानं लिहिणारे पुष्कळ भेटतात आणि पाच वर्षांनी त्यांची पानं बघितली तर होती तशीच असतात, कारण जे जमतं तेच ते रोज लिहितात, जे जमत नाही त्याच्या वाटेला जात नाहीत. ज्याला संवाद येतात तो अख्खी कथा संवादात काढतो, ज्याला वर्णन येतं त्याच्या कथेत पाऊसच दोन पानं पडत राहतो. सरावात उलटं असतं, हात जिथं अडतो तिथंच रोज बसायचं.

संशोधन काय सांगतं

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन वाजवणारे विद्यार्थी घेतले होते. त्यातले वरचे विद्यार्थी आठवड्याला साधारण २४ तास एकट्यानं सराव करायचे, म्हणजे दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं, मधे आराम करून. विशीपर्यंत त्यांचे सरासरी १०,००० तासांच्या वर भरले होते. हा आकडा पुढं २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल या पत्रकारानं उचलला आणि दहा हजार तासांचा नियम म्हणून तो जगभर झाला, एरिक्सनला मात्र तो मान्य नव्हता, त्यांचं म्हणणं असं की नुसते तास मोजून काही होत नसतं, प्रत्येक बैठकीला ठरलेलं लक्ष्य पाहिजे, पूर्ण ध्यान पाहिजे आणि चुकलं कुठं हे लगेच कळलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी ८८ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, त्यात बुद्धिबळासारख्या खेळांत लोकांच्या कामगिरीतला २६ टक्के फरक सरावामुळं आहे असं निघालं, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४ आणि नोकरी-व्यवसायात एक टक्क्याच्याही खाली. कथालेखन यातल्या कुठल्या खान्यात टाकायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण आमच्या कोर्सला या, सराव करा आणि लेखक व्हा असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला हे आकडे दाखवायला हरकत नाही.

मराठवाड्यात

रोज लिहिण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडं आधी अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) आठवतात, त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची असं परंपरा सांगते. गीतार्णव हा त्यांचा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानतात, आणि कागदानं भागेना म्हणून की काय त्यांनी लांबलचक कापडावरही लिहिलं, ती पासोडी अंबाजोगाईत आहे. पण ही झाली साधना आणि आवाका, एकेक कसब सुटं काढून घोटणं त्यात शोधू नये. कथाकाराच्या जास्त जवळ येतात ते पैठणचे एकनाथ. त्यांची भारुडं नुसती वाचून बघा, एकात जोशी बोलतो, एकात जोहार घालणारा महार, एकात विंचू चावलेला माणूस, दरवेळी तोंड दुसऱ्याचं आणि बोलण्याची ढब त्याच्याच जातीधंद्याची. दुसऱ्याच्या तोंडून पान-दोन पान बोलून दाखवणं हा आजही निवेदकाचा आवाज सापडण्यासाठी सगळ्यात कामाचा सराव आहे.

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांचीही इथं जुनी ओळ आहे. बी. रघुनाथ (१९१३ ते १९५३) परभणीत सरकारी नोकरी करत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार कथासंग्रहासाठी मिळवणारे आसाराम लोमटे पेशानं पत्रकार. इथला लिहिणारा बहुतेक वेळा मास्तर, कारकून, पत्रकार नाहीतर शेतकरी, त्याला दिवसाचे साडेतीन तास कुठून मिळणार, म्हणून इथं सरावाचं माप अर्धा-पाऊण तासाचंच धरावं.

काय घोटायचं

संवादाचा कान इथल्या माणसाला आयताच असतो. एसटी स्टँडवर, काळीपिवळीत, दवाखान्याच्या बाकड्यावर कानावर जे पडतं ते घरी येऊन आठवणीतून उतरवणं हा पहिला सराव, आणि तो फोनवर रेकॉर्ड करून करायचा नाही, एकतर ते बरं दिसत नाही आणि दुसरं म्हणजे आठवणीतून लिहिताना फालतूचं आपोआप गळून जातं. पुढची पायरी अशी की दोन माणसं बोलतायत, दोघांच्या मनात एकच भांडण आहे आणि दोघंही त्याचं नाव काढत नाहीत, हे आठ ओळींच्या आत लिहायचं. सामायिक विहिरीवरचे दोन भाऊ घेतले तर:

"मोटर चालू होती का रात्री?"
"लाईट कुठं होती."
"माह्या वावरात तर होती."
"मग तुझ्याकडंच असंल."

विहीर एक, डीपी म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मरही एकच, म्हणजे कोणतरी खोटं बोलतंय हे वाचणाऱ्याला कळलं आणि पाणी हा शब्दही आला नाही. अशा चार ओळी जमायला आठवडा जातो. सुरुवातीला प्रत्येकजण पाचव्या ओळीत थोरल्याच्या तोंडी "तू माझं पाणी चोरतोस" घालतोच, ती ओळ खोडणं हाच त्या आठवड्याचा अभ्यास.

दुसरी अडचण भावनेच्या शब्दांची. निराश, हताश, गहिवरून, काळजात चर्र, डोळ्यांपुढं अंधार, हे शब्द हाताशी असले की लेखक प्रसंग बघायचंच सोडून देतो. म्हणून सरावात त्यांच्यावर बंदी घालायची आणि एकच वाक्य परत परत लिहायचं. मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, प्रसंग घ्या. पहिला खर्डा: "भाव ऐकून गणपत फार निराश झाला, त्याच्या डोळ्यांपुढं अंधार पसरला." दुसरा: "भाव ऐकून गणपत मटकन खाली बसला." हा बरा वाटतो पण पिक्चरमधून आलेला आहे, मोंढ्यात भाव ऐकून कोणी मटकन बसत नाही, बसायला जागाच नसते. तिसरा असा काहीतरी होईल:

"आडत्यानं ओंजळभर सोयाबीन मशीनमधी टाकलं, आकडा बघितला आन् 'वल्लं हाय' म्हणला. गणपतनं पोत्याचं तोंड परत सुतळीनं बांधायला घेतलं. हमाल म्हणला, 'मालक, बांधू नका, मापाला घ्यायचंय.' त्यानं तरी गाठ मारली."

तिसऱ्यात भावना कुठंच लिहिलेली नाही, गाठीत आहे. आणि हे सुचायला मोंढ्यात काय काय असतं ते माहीत पाहिजे, ओलावा मोजायचं मशीन, सुतळी, हमाल, मापाडी, काटा, पट्टी. म्हणून या सरावाबरोबर वहीच्या मागच्या पानावर वस्तूंची आणि कामांची नावं उतरवत जायची असतात.

निवेदकाचा आवाज हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. नवख्याच्या कथेत पात्रं "काय करायलास" म्हणतात आणि निवेदक मात्र बालभारतीच्या पुस्तकातून उठून आल्यासारखा "सूर्य अस्ताचलास जात होता" म्हणतो, शाळेत लिहायची भाषा एक शिकवली आणि तोंडात दुसरी असल्यामुळं हे होतं, त्यात लिहिणाऱ्याचा दोष कमी आहे. उपाय म्हणून तेच अर्धं पान दोनदा लिहायचं, एकदा प्रमाण भाषेत आणि एकदा पात्राच्या बोलीत, आणि कुठल्या वाक्यात जीव राहिला ते बघायचं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी पारबतीच्याच तोंडून आणि तिच्याच बोलीत येते, बोलीत अख्खं निवेदन पेलतं का असं कुणी विचारलं तर ती पुढं करता येते. पण बोली म्हणजे प्रत्येक शब्द मोडून लिहिणं नव्हे, तसं केलं की वाचणारा अडखळत बसतो.

काळ दाबणं आणि ताणणं हाही एक वेगळा सराव आहे. बीडकडचं एक जोडपं घ्या, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या आगंमागं साखर कारखान्याला ऊसतोडीसाठी गेलेलं, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात तसं. त्यांचा पाच-सहा महिन्यांचा अख्खा हंगाम पाच वाक्यांत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी फक्त उचलीचे पैसे मोजून घेतानाची पाच मिनिटं एका पानात. बहुतेकांचं उलटं होतं, हंगामाला चार पानं जातात आणि उचल एका ओळीत उरकते, कारण कष्टाचं वर्णन करणं सोपं असतं, व्यवहार लिहायला माणसं ओळखावी लागतात.

सुरुवात, शेवट, शीर्षक यांचे सराव असतात पण त्यात फार दिवस घालवण्यात अर्थ नाही. शेवटाबद्दल एकच सांगावं लागतं. मराठवाडा म्हटलं की कथेत दुष्काळ, कर्ज, बाप आणि शेवटी झाडाला दोर, हा साचा इतका बसलाय की कार्यशाळेत दहा कथा आल्या तर त्यातल्या बऱ्याच याच वाटेनं जातात. दुःख खरं आहे, ते लिहू नये असं कोणी म्हणत नाही, पण दोरावर संपणारी कथा बऱ्याच वेळा लेखकाला पुढचं सुचलं नाही म्हणून तिथं संपलेली असते. सराव म्हणून तीच माणसं, तेच कर्ज ठेवायचं आणि मरण काढून टाकायचं. मग बाप दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला रस्त्यात टाळतो कसा, लेकीचं स्थळ बघायला येणाऱ्यांना चहासाठी दूध कुणाकडून आणतो, हे लिहावं लागतं आणि कथा तिथं सुरू होते.

तपासायचं कसं

लातूर पॅटर्न सगळ्यांना माहीत आहे, पेपर सोडवायचा, तपासून घ्यायचा, चुकलेला धडा परत करायचा, परत पेपर. कथेच्या सरावालाही हाच क्रम लागतो, फक्त गोम अशी की इथं मॉडेल उत्तरपत्रिका नसते. ती तयार करायचा एक रस्ता अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. बॉस्टनला भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना पोरवयात त्याला 'स्पेक्टेटर' नावाच्या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळाला. त्यातले लेख आवडले म्हणून त्यानं प्रत्येक वाक्याच्या आशयाची छोटी टिपणं काढली, ती काही दिवस बाजूला ठेवली, मग पुस्तक मिटून त्या टिपणांवरून लेख स्वतःच्या शब्दांत परत लिहिला आणि मुळाशी ताडून बघितला. शब्द कमी पडतात हे लक्षात आल्यावर गोष्टी पद्यात केल्या, विसरल्यावर परत गद्यात आणल्या. कधी टिपणं मुद्दाम विस्कटून ठेवली, म्हणजे मांडणीचा क्रम आपला आपण लावावा लागतो.

तो निबंधांवर करत होता, कथेला ही रीत जास्तच लागू पडते. ग्रंथालयातून नाहीतर रद्दीवाल्याकडून जुना दिवाळी अंक आणायचा, आवडलेल्या कथेचं एक पान घ्यायचं, फक्त एकच, त्याची टिपणं काढून आठवड्यानं परत लिहायचं आणि शेजारी-शेजारी ठेवायचं. लेखकानं जिथं तीन शब्द वापरले तिथं आपण अकरा वापरले, किंवा त्यानं दाराचा आवाज आधी आणला आणि माणूस नंतर, हे असं समोर ठेवल्यावरच दिसतं. हे लिखाण छापायला द्यायचं नसतं हे वेगळं सांगायला नको, तरी लोक देतात.

दुसरा रस्ता ऐकणाऱ्याचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की दोन मिनिटांत "खूप छान सर" आणि हात जोडलेले इमोजी येतात, इतक्या वेळात ते वाचूनही झालेलं नसतं, त्यामुळं त्याचा सरावाला शून्य उपयोग. एकच माणूस पाहिजे, तोही शक्यतो न लिहिणारा, आणि त्याला कसं वाटलं असं विचारायचंच नाही. मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि दोन प्रश्न विचारायचे: आता डोळ्यासमोर काय दिसतंय, आणि पुढं काय होईल असं वाटतंय. वर दिलेला मोंढ्याचा तुकडा ऐकून ऐकणारा म्हणाला की माणूस गरीब आहे, तर तो अजून जमला नाही, आणि म्हणाला की हा पोतं परत न्यायलाय वाटतं, तर जमला. वाचताना आपली जीभ जिथं अडखळते तिथं पेन्सिलीनं खूण करायची, तिथलं वाक्य बहुतेक वेळा डोक्यात इंग्रजीतून नाहीतर पेपरच्या बातमीतून आलेलं असतं.

वेळ आणि मर्यादा

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होता, पहाटे साडेपाचला टेबलावर बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटाला २५० शब्द हा त्याचा हिशोब होता. पण ते कादंबऱ्या पुऱ्या करण्याचं माप आहे, सरावाचं नव्हे. सरावात १५० ते २०० शब्दांचा तुकडा पुष्कळ झाला, लिहायला वीस मिनिटं, तपासायला दहा आणि परत लिहायला पंधरा, एक कसब दोन-तीन आठवडे धरून ठेवायचं आणि मग बदलायचं. सोयाबीनच्या काढणीत, लगीनसराईत, दहावी-बारावीच्या पेपर तपासणीत खाडा पडतोच, तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये, दमलेल्या हातानं जुन्याच सवयी पक्क्या होतात.

सरावातले तुकडे पुढं कथेत वापरावेत की नाही याबद्दल एकमत नाही. काहीजण वही फेकूनच देतात. पण विहिरीवरच्या त्या दोन भावांसारखा एखादा तुकडा सहा महिन्यांनी परत वाचताना पाचवी ओळ आपोआप पुढं सरकायला लागली, तर त्या दिवशीचा सराव बाजूला ठेवून कथाच लिहायला घ्यावी.