सी-अर्चिनचे अंडे : प्रथिने व पेशीरचना

सी-अर्चिन हा कंटकचर्मी संघातील, काटेरी कवचाचा सागरी प्राणी. पेशीविज्ञानात ज्या थोड्या पेशींवर सर्वाधिक काम झाले, त्यांत त्याच्या अंड्याची गणना होते. अंड्याचा व्यास जातीनुसार साधारण ७० ते १२० मायक्रोमीटर असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्बेशिया पंक्च्युलेटा या जातीत तो ७५ च्या आसपास, तर कॅलिफोर्नियातील लायटेकिनस पिक्टसमध्ये ११० च्या आसपास भरतो. अर्धसूत्री विभाजन अंडाशयातच पुरे झालेले असते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या अंड्यात गुणसूत्रांचा एकच संच असलेले लहानसे केंद्रक राहते. तारामाशाचे अंडे याबाबतीत वेगळे आहे, आणि दोहोंवरील निरीक्षणे एकत्र वाचताना हा फरक सुटला की गोंधळ होतो.

अंडी मिळवणे सोपे असते. तोंडाभोवतीच्या मऊ पटलातून पोटॅशियम क्लोराइडचा अर्धा मोलर विद्राव टोचला, की काही मिनिटांत पाच जननरंध्रांतून अंडी पाझरू लागतात. मादीला समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या चंचुपात्रावर उलटी ठेवतात, म्हणजे अंडी धाग्यांसारखी तळाशी उतरतात. आर्बेशियाची अंडी गडद लाल असतात, पर्पल अर्चिन या दुसऱ्या एका जातीची फिकट पिवळसर. नराचे रेत मात्र पाण्यात न मिसळता कोरडेच गोळा करून बर्फावर ठेवतात.

या अंड्यातील फलन प्रथम कोणी पाहिले, याबद्दल एकवाक्यता नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्फोंस देर्बेस यांनी १८४७ मध्ये, शुक्राणू मिसळल्यावर अंड्याभोवती पारदर्शक आवरण उचलले जाते, असे नोंदवले होते. अंडे व शुक्राणू यांची केंद्रके एकत्र येतात हे ओस्कार हेर्टविख यांनी १८७५–७६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातील अर्चिनमध्ये दाखवले. शुक्राणू अंड्यात शिरतानाचे स्पष्ट वर्णन सामान्यतः हेर्मान फॉल यांचे मानतात (१८७७–७९). ते मुख्यतः तारामाशाच्या अंड्यावरचे आहे. 'फलनाचा शोध' हे श्रेय हेर्टविख यांना देण्याचा प्रघात आहे व केंद्रकांच्या मीलनापुरता तो रास्त आहे. आवरणाचे श्रेय मात्र देर्बेस यांचेच.

बाह्यस्तर : अंड्याभोवती जेलीचा जाड थर असतो, त्याच्या आत पीतक आवरणाचा पातळ थर आणि मग पेशीपटल. पटलाला चिकटून सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाच्या बाह्यस्तर-कणिका असतात; पर्पल अर्चिनमध्ये त्यांची संख्या १५ ते १८ हजार सांगितली जाते. शुक्राणू जडला की अंड्यातील कॅल्शियमची पातळी प्रवेशबिंदूपासून लाटेसारखी वाढत जाते आणि कणिका ओळीने पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. त्यांतील प्रथिन-विघटक एंझाइम पीतक आवरणाला पटलाशी बांधणारे दुवे तोडते, बाहेर पडलेली बहुशर्करायुक्त द्रव्ये पाणी खेचतात आणि आवरण फुगून वर येते. पुढे ओव्होपेरॉक्सिडेज हे एंझाइम प्रथिनांतील टायरोसिन या अमिनो अम्लांची परस्परांशी गुंफण करून त्याला कठीण करते. हायलिन हे प्रथिन पटलालगत उरते. भ्रूणपेशी पुढे त्याच थराला धरून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे एका मिनिटाच्या आत घडते : एका बाजूला पांढुरकी कड उमटते, ती गोलाकार पसरते, आणि अंडे एका काचेच्या गोळीत ठेवल्यासारखे दिसू लागते.

शुक्राणूच्या टोकावरील बिंडिन हे प्रथिन व्हिक्टर व्हॅकिए व गॅरी मॉय यांनी १९७७ मध्ये वेगळे केले. अंड्यावरील त्याच्या जोडीदाराची कथा इतकी सरळ नाही. १९९३ मध्ये ज्या ग्राही प्रथिनाचे वर्णन झाले, त्याच्या रचनेबद्दल ते वर्णन करणाऱ्या गटालाच पुढे फेरतपासणी करावी लागली. २००३ मध्ये वर्णन झालेले ईबीआर१ हे प्रथिन आता अधिक ग्राह्य धरले जाते.

पीतकातील प्रथिन : पेशीद्रव्यात पीतकाच्या, म्हणजे अंड्यातील पोषक साठ्याच्या, चकत्या दाटीने भरलेल्या असतात आणि त्यांतील बहुतांश प्रथिन एकाच जातीचे असते. पृष्ठवंशीयांच्या अंड्यातील पीतकाची पूर्वद्रव्ये व्हायटेलोजेनिन या कुळातील असल्यामुळे अर्चिनच्या प्रथिनालाही दीर्घकाळ तेच नाव दिले गेले. हे साम्य तकलादू होते. व्हायटेलोजेनिन सामान्यतः मादीत तयार होते. अर्चिनचे प्रथिन नर व मादी दोघांतही, आतड्यात व जननग्रंथीत, मुबलक सापडते. 'मुख्य पीतक प्रथिन' हे तटस्थ नाव त्यामुळे सोयीचे ठरले. २००२ मध्ये ब्रुक्स व वेसल यांनी त्याचा अमिनो अम्लक्रम ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनासारखा असल्याचे व ते लोह धरत असल्याचे मांडले.

दरम्यान हान्स नोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये भूमध्य समुद्रातील पॅरासेंट्रोटस अर्चिनच्या भ्रूणातून पेशींना परस्परांशी चिकटवणारा एक मोठा ग्लायकोप्रथिन-कण वर्णिला व त्याला टोपोसोम म्हटले. हा कण व मुख्य पीतक प्रथिन एकाच घराण्याचे आहेत हे पुढे उघड झाले. नोल यांच्या गटाच्या २००७ च्या लेखात मात्र हे प्रथिन लोह न धरणारे, कॅल्शियम बांधणारे, बदललेले ट्रान्सफेरिन आहे, असे प्रतिपादन आहे. लोह की कॅल्शियम, हा भेद केवळ तपशिलाचा नाही. पहिल्या मतात प्रथिनाचे काम साठा व वहन हे, तर दुसऱ्यात आसंजन (पेशी एकमेकींना चिकटवणे) हे प्रधान ठरते. एकच प्रथिन अवस्थेनुसार दोन्ही कामे करत असणे अशक्य नाही. 'पीतक' या शब्दाने त्याला केवळ शिधा समजणे मात्र योग्य दिसत नाही.

तर्कू : १९५२ मध्ये डॅनियल मेझिया व कात्सुमा दान यांनी विभाजन होत असलेली अंडी थंड अल्कोहोलात स्थिर करून, अपमार्जकाच्या (डिटर्जंट) साहाय्याने त्यांतील तर्कू, म्हणजे विभाजनात गुणसूत्रे विलग करणारी तंतुरचना, सबंध वेगळा काढला. अशा तर्कूंत २२ एस अवसादन गुणांकाचे (वेगाने फिरवलेल्या द्रवात कण किती लवकर खाली बसतो याचे माप) कण भरपूर मिळाले, म्हणून तेच तर्कूचे प्रमुख घटक असावेत असा काही काळ कयास होता. पुढे ते अंड्याच्या इतर भागांतही दिसले आणि हा कयास मागे पडला. टोपोसोमचा गुणांकही २२ एस सांगितला जातो. पण गुणांक सारखा म्हणून द्रव्य एकच, असे धरता येत नाही. तर्कू ज्या सूक्ष्मनलिकांचा बनतो, त्यांचे खरे प्रथिन कॉल्चिसीन या औषधाला बांधले जाते. बोरिसी व टेलर यांनी १९६७ मध्ये ते अर्चिनच्या अंड्यात व तर्कूत दाखवले. 'ट्युब्युलिन' हे नाव हिदेओ मोहरी यांनी १९६८ मध्ये शुक्राणूच्या शेपटीतील प्रथिनासाठी वापरले. अ‍ॅक्टिनच्या तंतूंची मोळी बांधणारे फॅसिन हे प्रथिनही प्रथम अर्चिनच्याच अंड्यांतून मिळाले.

प्रथिनसंश्लेषण : आर्बेशियाची अंडी योग्य घनतेच्या विद्रावात केंद्रोत्सारित केली (यंत्रात वेगाने फिरवली), की आतील द्रव्यांचे थर लागतात : टोकाला तेलाची टोपी, मग केंद्रकासह स्वच्छ भाग, कलकणू (मायटोकॉन्ड्रिया), पीतक आणि दुसऱ्या टोकाला लाल रंगद्रव्य. वेग वाढवला की अंडे डंबेलसारखे ताणून मधोमध तुटते. एथेल ब्राउन हार्वी यांनी १९३६ मध्ये दाखवले, की केंद्रक नसलेला लाल अर्धाही तीव्र खारट पाण्याने उद्दीपित केल्यास अनेकदा विभाजित होतो. अंड्यात संदेशवाही आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना केंद्रकातून आणणारे रेणू) आधीपासून साठवलेले असते, हे १९६० नंतरच्या प्रयोगांनी या निरीक्षणाचे कारण म्हणून पुढे आणले.

टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथे फलित आर्बेशिया अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनिन देऊन ठराविक अंतराने नमुने घेतले. प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलवर बहुतेक प्रथिनांचे पट्टे गडद होत गेले. एक पट्टा मात्र प्रत्येक विभाजनाच्या सुमारास नाहीसा होई व पुन्हा उमटे. या प्रथिनाला सायक्लिन नाव मिळाले (१९८३), आणि हंट यांना २००१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा. स्पिस्युला या शिंपल्याच्या अंड्यांत असेच वागणारी दोन प्रथिने आढळली होती. सायक्लिन ए व बी ही अक्षरे त्यांच्यावरून रूढ झाली.