टर्बोची शिट्टी आणि होजची फुसफुस

रोज कुकर लावणाऱ्याला दोन आवाजांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. शिट्टी झाली म्हणजे डाळ शिजतेय. झाकणाच्या कडेने नुसतीच फुसफुस चालू राहिली म्हणजे रिंग गेलीय. गॅस जळत राहील, शिट्टी काही व्हायची नाही. पण हाच माणूस टर्बोवाल्या गाडीला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि ॲल्युमिनियमचे पाईप बसवून घेतो, पहिल्याच चकरेत वाढलेला आवाज ऐकतो आणि एक तर खूश होतो नाही तर घाबरतो. आवाज वाढला, एवढ्यावरून यातलं काहीच ठरत नाही.

आधी शिट्टीचं बघू. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि त्याचं चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेतं. १,२०,००० फेरे धरले तर सेकंदाला २,००० झाले. चाक कितीही काटेकोर बॅलन्स केलेलं असो, दर फेऱ्याला हवेत किंचित हिसका बसतोच, आणि त्यातून साधारण २,००० हर्ट्झचा सूर निघतो. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून एवढासा सूरही टोचतो. हा सूर गाडी नवी असतानाही असतो, कंपनी तो दाबून ठेवते. मूळ पाईप जाड रबराचे नाही तर प्लॅस्टिकचे असतात, ते बराचसा आवाज गिळतात. काही गाड्यांत तर खास त्यासाठी वेगळा भाग असतो. फोक्सवॅगन समूहाच्या १.८ आणि २.० लिटर टीएसआय इंजिनांत टर्बोतून हवा बाहेर पडते त्या तोंडाशीच एक छोटा मफलर बसवलेला असतो. मोठे पाईप घालताना तो काढला जातो. रबराच्या जागी पातळ ॲल्युमिनियम आलं, मफलर गेला, सोबत उघडा एअर फिल्टर घातला असेल तर उरलेलं झाकणही गेलं. टर्बो होता तोच आहे, आता त्याचा आवाज आत पोचतो इतकंच.

फुसफुशीचं कारण वेगळं. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत नव्या कामात सहा-आठ जोड सहज होतात, आणि प्रत्येक जोडावर सिलिकॉनचा होज, म्हणजे लवचीक नळी, आणि दोन क्लिपा. बाहेरच्या हवेपेक्षा आत एक बार दाब जास्त असेल, म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, तर एखाद्या जोडाला नखाएवढी फट असली तरी पुरते. मोजून घेतलेली हवा वाटेतच सांडते. डिझेल असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. बीएस-६ गाडीत तो धूर दिसतही नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साठत जातो. ठरलेला दाब मिळत नाही म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टर्बोला आणखी पळवतो आणि चाक नको तेवढं फिरतं. शेवटी चेक लाइट लागतो, स्कॅनरवर पी०२९९ येतो, म्हणजे बूस्ट, टर्बोने दिलेला दाब, कमी. काही गाड्या तर सरळ ताकद कापतात आणि चढावर तुम्ही ट्रकच्या मागे.

खरा गोंधळ होतो तो फट अरुंद असली की. रुंद फटीतून ‘स्स्स’ असा भरड आवाज येतो, तो ओळखू येतो. पण होजच्या कडेला बारीक चीर असेल तर ती पिपाणीसारखी वाजते आणि हुबेहूब टर्बो वाटते. अशा वेळी किती मोठ्याने वाजतं ते सोडा, कशाच्या मागे वाजतं ते ऐका. शिट्टी चाकाच्या वेगामागे जाते: बूस्ट चढू लागतो तशी सुरू होते, सूर सलग वर चढतो, आणि पाय काढल्यावर चाक मंदावत जातं तसा हळूहळू खाली उतरतो. गळती दाबामागे जाते. ती दाब आला की सुरू होते, जोर वाढतो पण सूर फारसा हलत नाही, आणि पाय काढला की पुसून टाकल्यासारखी बंद.

म्हणून गॅरेजच्या दारात न्यूट्रलवर रेस देऊन ‘बघा, काही नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इंजिनवर लोडच नसेल तर बूस्ट जेमतेम येतो, मग गळणार काय? तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, काच खाली करून ऐकायचं. भिंतीच्या कडेने गेलात तर आणखी छान, आवाज परत येतो.

माझ्या दीड लिटरच्या डिझेलचं असंच झालं. काम करून आणलं आणि कात्रजच्या घाटात शिट्टी ऐकून मी खूश. तिच्या खाली एक बारीक ‘स्स’ होता, तो मी वारा म्हणून सोडून दिला. आठवड्याभरात आरशात काळा धूर दिसू लागला. बंपर खोलल्यावर खालच्या होजभोवती तेलकट काळं कडं दिसलं, त्यावर रस्त्याची धूळ चिकटून लेप झालेला. पाईपमध्ये तेलाचा थोडा ओलावा असतोच. जिथून हवा निसटते तिथे तो बाहेर येतो आणि धूळ धरतो. क्लिप पाईपच्या उंचवट्याच्या आत बसायला हवी होती, ती नेमकी उंचवट्यावर बसवली होती. होज काढून आतलं तेल पुसलं, साधी क्लिप काढून टी-बोल्टची घातली. दहा मिनिटांचं काम, बंपरला मात्र दीड तास.

बंपर न खोलता शोधायचं असेल तर टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाला टोपण लावून, ब्रीदरची (इंजिनमधली वाफ बाहेर काढणारी) नळी बंद करून, बंद इंजिनमध्ये कंप्रेसरने हवा भरतात. नेहमीच्या बूस्टच्या वर जायचं नाही. जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतात. काटा हळूहळू उतरला म्हणून घाबरू नका, इंजिनचा एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच, थोडी हवा तिथून जाते. स्मोक मशीन असेल तर हेच काम धुराने होतं.

पेट्रोल गाडीत पाय काढल्यावर येणारा ‘पिश्श’ दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो, त्याला गळती समजू नका. ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा आवाज आला तर मात्र होज बघत बसू नका, टर्बोचा शाफ्ट हलवून बघा. तो बेअरिंगचा मामला असतो, आणि खिशाचाही.

माझी गाडी आता धूर काढत नाही. शिट्टी आहे तशीच आहे. बाबा शेजारी बसले की अजून विचारतात, “ते नीट करून आणणार होतास ना?”