निळा रंग : अभिकल्पातील अर्थ व उपयोग

दृश्य वर्णपटातील सु. ४५० ते ४९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशामुळे होणाऱ्या रंगसंवेदनेस स्थूलमानाने निळा रंग म्हणतात. वस्त्रे, भित्तिचित्रे, छपाई, बोधचिन्हे, ध्वज, वाहतुकीचे फलक आणि संगणकाचा पडदा अशा सर्व क्षेत्रांत अभिकल्पकार (डिझाइनर) तो योजतात. शांतता, विश्वास, गांभीर्य हे अर्थ त्याला सरसकट जोडले जातात. तथापि हे अर्थ रंगाच्या अंगी मुळातच असतात असे मानण्यापेक्षा, निळे द्रव्य त्या त्या काळी किती दुर्मीळ, किती महाग आणि किती टिकाऊ होते यावरून ते घडत गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

गेरू, पिवळी माती, चुना आणि काजळी जवळपास सर्वत्र मिळतात. निळे खनिज मोजक्याच ठिकाणी सापडते. ईजिप्तमध्ये इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात वाळू, चुना व तांब्याचे संयुग भाजून निळे द्रव्य करीत, आणि ते मानवनिर्मित रंगद्रव्यांपैकी सर्वांत जुने समजले जाते. अन्यत्र मुख्य भिस्त अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या राजावर्तावर (लॅपिस लॅझुली या निळ्या खनिजावर) होती. अजिंठ्याच्या चित्रांत याचा परिणाम दिसतो. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या ९ व १० क्रमांकांच्या लेण्यांतील जुन्या थरात हा निळा आढळत नाही. वाकाटककालीन लेण्यांत तो ठळकपणे येतो, आणि तेथील रंगांत दूरदेशाहून आणलेला असा तोच एक आहे. १ व २ क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे पूर्वीचे अभ्यासक सहाव्या-सातव्या शतकांपर्यंत पुढे आणीत. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ती वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळाभोवती, सु. ४६२ ते ४८० या अवधीत बसवली. स्पिंक यांची वर्षावर्षाची मांडणी सर्वमान्य नाही; तरी पाचव्या शतकाचा उत्तरार्ध हा कालखंड अधिक स्वीकारार्ह वाटतो. मध्ययुगीन यूरोपातही राजावर्ताच्या किमतीमुळेच हा रंग येशूची माता मेरी हिच्या वस्त्रासाठी राखला जाई, आणि कोणत्या प्रतीचा निळा वापरावा याची अट चित्रकाराशी होणाऱ्या करारात घातली जाई.

स्वस्त व टिकाऊ निळ्याचा प्रारंभ प्रशियन निळ्यापासून होतो. त्याच्या शोधाची सर्वपरिचित हकिकत रसायनज्ञ गेओर्ख अर्न्स्ट श्टाल याने १७३१ मध्ये दिली आहे. तीनुसार बर्लिनमधील रंगकार डीसबाख हा कोचिनील कीटकांच्या अर्कात तुरटी व हिराकस (लोहाचे सल्फेट) घालून किरमिजी रंग करीत असे. पोटॅश संपल्याने त्याने योहान कोनराट डिपेल याच्याकडून ते घेतले. डिपेलने त्यावर प्राणिज तेलाचे ऊर्ध्वपातन केलेले असल्याने ते शुद्ध नव्हते, आणि अपेक्षित तांबड्याऐवजी गडद निळा साका मिळाला. रासायनिक दृष्ट्या ही हकिकत पटण्यासारखी आहे, कारण प्राणिज पदार्थांतील नायट्रोजन व कार्बन यांपासून सायनाइड तयार होते आणि हिराकशीतील लोहाशी संयोग होऊन लोहाचे फेरोसायनाइड, म्हणजेच हे द्रव्य, बनते. मात्र श्टालचे लेखन घटनेनंतर सु. पाव शतकाने झालेले असल्याने त्यातील तपशील आणि प्रचलित १७०४ हे साल जपूनच घ्यावे लागते. योहान लेओनहार्ट फ्रिश याने लाइबनिट्सला लिहिलेल्या पत्रांत १७०८ पासून या रंगाचे उल्लेख येतात आणि पीटर व्हान डर वेर्फ याच्या १७०९ च्या ख्रिस्त-दफनाच्या चित्रात तो ओळखला गेला आहे. या समकालीन पुराव्याशी १७०६ च्या आसपासचा काळ जास्त जुळतो. कृती प्रारंभी गुप्त ठेवली होती. जॉन वुडवर्ड याने ती १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर उत्पादन अनेक देशांत पसरले. जपानी चित्रकार होकुसाई याच्या फूजी पर्वताच्या चित्रमालिकेतील (सु. १८३०–३२) खोल निळा याच द्रव्याचा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये लोहक्षार व प्रकाश यांच्या साहाय्याने हाच रंग कागदावर उमटवला आणि त्यातून निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांचे अभियांत्रिकी आराखडे रूढ झाले.

राजावर्तापासून मिळणाऱ्या निळ्या द्रव्यास अल्ट्रामरीन म्हणतात; ते कृत्रिम रीत्या बनवण्याचे श्रेय फ्रान्सचा गीमे आणि जर्मनीचा ग्मेलिन यांच्यात वादग्रस्त आहे. पॅरिसच्या संस्थेचे पारितोषिक १८२८ मध्ये गीमेला मिळाले. ग्मेलिनने त्याच वर्षी आपली कृती प्रसिद्ध केली, तर गीमेने ती गुप्त ठेवली. या शोधाने राजावर्ताची मक्तेदारी संपली. पांढऱ्या कपड्यांचा पिवळटपणा झाकण्यासाठी घरोघरी वापरली जाणारी नीळ पुढे बव्हंशी याच द्रव्याची होती. वनस्पतिज निळीची (इंडिगोची) गोष्ट वेगळी आहे. जर्मन रसायनज्ञ बायर याने तिची रासायनिक संरचना १८८३ मध्ये मांडली, १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातील नीळ-लागवड झपाट्याने घटली. जीन्सच्या कापडाचा आजचा निळा मुख्यतः या कृत्रिम निळीचाच आहे.

महाराष्ट्रात निळ्याला सर्वांत स्पष्ट सामाजिक अर्थ आंबेडकरी चळवळीने दिला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन (नागपूर, १९४२) या पक्षाचा ध्वज निळा होता, आणि हा रंग पुढे रिपब्लिकन पक्षाकडे (१९५७) व १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बहुजन समाज पक्षाकडे आला. त्याच्या निवडीची निरनिराळी कारणे सांगितली जातात. आकाशाखाली सर्व समान हे त्यांतील सर्वाधिक प्रचलित आहे. कोलंबो येथे १८८५ मध्ये तयार झालेल्या बौद्ध ध्वजातील निळ्या पट्ट्याशीही संबंध जोडला जातो. परंतु फेडरेशनचा ध्वज १९५६ च्या धर्मांतरापूर्वीचा असल्याने हा संबंध मूळ कारण म्हणून नव्हे, तर नंतर मिळालेली पुष्टी म्हणून पाहणे उचित होय. बाबासाहेबांचे पुतळे व तसबिरी यांतील निळा सूट, जयंतीचे पताके आणि वस्तीच्या कमानी यांतून या रंगाने स्वाभिमानाची जी ओळख उभी केली आहे, तिची दखल रंगमानसशास्त्राची सर्वसाधारण कोष्टके घेत नाहीत. ही उणीव गंभीर आहे. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राचा रंगही गडद निळा आहे.

चिन्हव्यवस्थेत निळ्याचे स्थान निश्चित आहे. भारतातील रस्त्यांवर निळे वर्तुळ बंधनकारक सूचना देते आणि निळा आयत माहिती देतो. बँकांच्या बोधचिन्हांत तो विपुल आढळतो. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेले भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह हे त्याचे परिचित उदाहरण होय. तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद न कळणाऱ्यांनाही निळा सहसा ओळखता येतो, हा त्याचा व्यावहारिक लाभ आहे.

पडद्यावर निळा वापरताना दृष्टिविज्ञानाची मर्यादा पाळावी लागते. पडद्यावरील रंगांसाठीच्या प्रचलित एसआरजीबी मानकात एकूण उजळपणातील तांबड्याचा वाटा सु. २१ टक्के, हिरव्याचा ७२ टक्के, तर निळ्याचा ७ टक्के धरला जातो. त्यामुळे शुद्ध निळ्यावरील पांढऱ्या अक्षरांचे विरोध-गुणोत्तर (अक्षरे व भूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण) सु. ८.६ : १ येते, पण काळ्यावरील शुद्ध निळ्या अक्षरांचे ते सु. २.४ : १ च भरते, आणि सामान्य मजकुरासाठी ४.५ : १ हे किमान मानले आहे. शिवाय दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत निळ्यास संवेदी शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) जवळपास नसतात, म्हणून निळ्या रंगातील बारीक अक्षरे व केसासारख्या रेषा अंधुक भासतात. १९९३ च्या मोझेइक या न्याहाळकाने (वेब ब्राउझरने) राखाडी पृष्ठावर दुव्यांसाठी निळा निवडला. दुवे निळे ठेवण्याची रीत प्रामुख्याने त्यातून दृढ झाली. देवनागरीत शिरोरेषा व जोडाक्षरांचे बारीक भाग यांमुळे काळ्या भूमीवर निळा मजकूर मांडणे अधिकच गैरसोयीचे ठरते.