‘बाहेरचे’ हवेत की नकोत? लोकमत मोजण्याचं शास्त्र

जून २०२४ मध्ये गॅलप या संस्थेनं अमेरिकेतल्या प्रौढांना विचारलं: देशात येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या वाढवावी, आहे तेवढीच ठेवावी की कमी करावी? ५५ टक्के लोक म्हणाले, कमी करा. वर्षभरानं, जून २०२५ मध्ये, तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ‘कमी करा’ म्हणणारे ३० टक्क्यांवर आले होते. शिवाय ७९ टक्के लोकांनी स्थलांतर देशासाठी चांगलं आहे असं सांगितलं. गॅलपच्या नोंदींतला तो उच्चांक होता.

या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक जण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते, तिघे महाराष्ट्रातले. त्या दिवसांत आपल्याकडे एक वाक्य सारखं कानावर पडायचं: ‘अमेरिकन लोकांना आता आपण नकोच झालोय.’ पुण्या-ठाण्यातल्या ज्या घरांतली मुलं तिकडे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, तिथे हे वाक्य काळजीपोटी बोललं जातं. म्हणूनच ते कितपत खरं आहे हे तपासून पाहायला हवं. त्यासाठी साधनं आहेत, आणि गेल्या वीसेक वर्षांत ती फार चांगली झाली आहेत.

गॅलप हा प्रश्न १९६५ पासून विचारत आली आहे. ज्या कायद्यानं आशियातल्या लोकांसाठी अमेरिकेचं दार नीट उघडलं, तो याच वर्षीचा. तेव्हा ३३ टक्के लोकांना स्थलांतर कमी व्हायला हवं होतं. १९९३ आणि १९९५ मध्ये हा आकडा ६५ टक्क्यांवर गेला. २०२० मध्ये तो २८ टक्क्यांपर्यंत उतरला आणि ‘वाढवा’ म्हणणारे ३४ टक्के झाले. ‘वाढवा’वाले ‘कमी करा’वाल्यांच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर पुन्हा चढ, पुन्हा उतार. एवढ्या झपाट्यानं माणसांचे पूर्वग्रह बदलत नाहीत. मग बदललं काय?

ख्रिस्तोफर व्लेझिएन या राज्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. लोकमत गीझरच्या थर्मोस्टॅटसारखं चालतं: पाणी फार तापलं की वीज तोडतो, निवलं की जोडतो, पण त्याचं बटण असतं तिथेच राहतं. सर्वेक्षणात उत्तर देणारा माणूस ‘कमी करा’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘सध्या चाललंय त्यापेक्षा कमी’ असा असतो. डिसेंबर २०२३ या एकाच महिन्यात मेक्सिकोच्या सीमेवर गस्ती पथकांनी सुमारे अडीच लाख लोकांना पकडलं होतं. रोज संध्याकाळी बातम्यांत तीच दृश्यं दिसत होती. जून २०२५ मध्ये हा आकडा सहा हजारांच्या आसपास आला, आणि बातम्यांत सीमेऐवजी शेतांवर, बांधकामांवर पडणारे छापे दिसू लागले. माणसं तीच होती. ज्याच्या तुलनेत ती उत्तर देत होती, ते बदललं होतं.

या प्रश्नात आणखी एक अडचण आहे. त्यात कायदेशीर आणि बेकायदा असा भेदच नाही. ‘स्थलांतरित’ म्हटल्यावर कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, हे उत्तर देणाऱ्यावर सोडलेलं आहे. प्यू रिसर्च सेंटरनं २०१८ मध्ये विचारलं, देशातले बहुतेक स्थलांतरित कायदेशीर आहेत का? फक्त ४५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. प्रत्यक्षात तेव्हा दर चारपैकी साधारण तीन स्थलांतरितांकडे रीतसर कागद होते. अल्बेर्तो अलेसिना, आर्मांदो मियानो आणि स्टेफनी स्टँचेवा या अर्थशास्त्रज्ञांनी सहा देशांत असाच अभ्यास केला. अमेरिकेतल्या लोकांचा अंदाज होता की देशात ३६ टक्के लोक बाहेरून आलेले कायदेशीर स्थलांतरित आहेत. खरा आकडा होता सुमारे १० टक्के. सहाही देशांत लोकांनी स्थलांतरितांचं प्रमाण फुगवून सांगितलं.

बेकायदा स्थलांतरितांची संख्या मोजतात तरी कशी, हा रास्त प्रश्न आहे. हे लोक काही नाव नोंदवायला जात नाहीत. मग जनगणना खात्याच्या पाहण्यांमधून परदेशात जन्मलेल्या सगळ्यांचा आकडा घेतात, त्यातून व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या सरकारी नोंदींत सापडणारे वजा करतात, आणि उरतात त्यांत पाहणीतून निसटलेल्यांची भर घालतात. प्यूच्या हिशेबानं २०२३ मध्ये हा आकडा १ कोटी ४० लाखांवर गेला होता, तोवरचा सर्वाधिक. त्यात भारतीयही लाखांनी आहेत. सगळेच काही डंकी म्हणजे चोरट्या मार्गानं जंगलं तुडवत गेलेले नाहीत. पुष्कळ जण रीतसर व्हिसावर विमानानं उतरले आणि मुदत संपल्यावर परतले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लोक या दोन गटांचा विचार वेगवेगळ्या रीतीनं करतात का? मॅथ्यू राइट, मॉरिस लेव्ही आणि जॅक सिट्रिन यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांपुढे वेगवेगळ्या स्थलांतरितांची वर्णनं ठेवली: शिक्षण, काम, भाषा, मूळ देश वगैरे. कायदेशीर मार्गानं येणाऱ्यांबद्दल ठरवताना लोक हे गुण तोलत होते. डॉक्टर असेल तर वेगळं, इंग्रजी येत नसेल तर वेगळं. बेकायदा आलेल्यांच्या बाबतीत मात्र बरेच जण तोलायला बसतच नव्हते. वर्णन कसंही बदला, उत्तर एकच. कोणी दर वेळी ‘नको’ म्हणे, तर कोणी दर वेळी ‘राहू द्या’. हा निवाडा त्या माणसाविषयी नसतोच, नियम मोडण्याविषयी असतो. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. बेकायदा स्थलांतराला विरोध करणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा आहे असं मानणारे आणि असा विरोध म्हणजे फक्त कायद्याची चाड असं मानणारे, दोघंही अर्धंच पाहतात.

या नियमाच्या चष्म्यातून पाहिलं की एक कोडं सुटतं. २०२४ मध्ये गॅलपनं विचारलं तेव्हा ४७ टक्के लोकांनी सगळ्या बेकायदा स्थलांतरितांना हद्दपार करायला पाठिंबा दिला. त्याच पाहणीत ७० टक्के लोकांनी, काही अटी पूर्ण केल्यावर त्यांना नागरिकत्वाची संधी द्यावी, यालाही होकार दिला. बेरीज ११७. म्हणजे तेच काही लोक दोन्हीकडे ‘हो’ म्हणत होते. ही विसंगती दिसते, पण अटी म्हणजे काय ते पाहा: ठरावीक काळ थांबा, कसोट्या पार करा. अटीमुळे नियम मोडणारा माणूस पुन्हा नियमाच्या रांगेत उभा राहतो. त्याच योजनेला ‘माफी’ म्हटलं की पाठिंबा घटतो, हेही एका प्रयोगात दिसलं आहे. माणसांना ‘बेकायदा’ म्हणा की ‘कागदपत्रं नसलेले’, त्यानं मात्र फारसा फरक पडला नव्हता.

कायदेशीर बाजूला लोक गुण तोलतात म्हणजे नेमकं काय करतात, हे पाहण्यासाठी कॉन्जॉइंट नावाचा प्रयोग वापरतात. जेन्स हाइनम्युलर आणि डॅनियल हॉपकिन्स यांचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यातला सर्वांत गाजलेला. समजा तुम्ही पडद्यासमोर बसला आहात. दोन रकाने दिसतात, प्रत्येकात एक अर्जदार. एक बाई, मूळची भारतातली, पदवीधर, व्यवसायानं परिचारिका, इंग्रजी अडखळत बोलते, नोकरी शोधणार आहे. शेजारी एक पुरुष, पोलंडचा, बारावी झालेला, इंग्रजी सफाईदार, हातात नोकरीचा करार, पण पूर्वी एकदा परवानगीशिवाय देशात शिरलेला. दोघांपैकी एकाला प्रवेश द्यायचा. कोणाला? निवड केली की नवी जोडी येते. प्रत्येक अर्जदाराचे नऊ गुण संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतो. सुमारे १,४०० लोकांकडून अशा पाच-पाच जोड्यांवर निवाडे घेतल्यावर, कोणत्या एका गुणानं पारडं किती झुकतं हे वेगळं काढता येतं. उत्तर देणाऱ्यालाही आपण कशावरून ठरवलं हे धड सांगता येणार नाही, पण आकडे सांगतात.

शिक्षण, वरच्या दर्जाचं काम, चांगलं इंग्रजी आणि काम करण्याची तयारी यांना सगळ्यांनी वजन दिलं. काम करण्याचा इरादा नसलेले आणि पूर्वी बेकायदा शिरलेले मागे पडले. इराकी अर्जदारांनाही फटका बसला. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट, श्रीमंत आणि गरीब, जास्त शिकलेले आणि कमी शिकलेले, सगळ्यांच्या निवडी जवळजवळ सारख्या निघाल्या. टीव्हीवर एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष, पण त्यांच्या मतदारांनी समोरचा अर्जदार मात्र एकाच मापानं मोजला.

पण पडद्यावर बटण दाबणं वेगळं आणि खरं मत देणं वेगळं, ही शंका येतेच. तिचं उत्तर स्वित्झर्लंडमध्ये सापडलं. तिथल्या काही गावांत २००३ पर्यंत परदेशी रहिवाशाला नागरिकत्व द्यायचं की नाही, हे गावकरी गुप्त मतदानानं ठरवत. मतदानाआधी प्रत्येक घरी पत्रक यायचं: अर्जदाराचं वय, शिक्षण, व्यवसाय, मूळ देश, स्विस जीवनात तो किती मिसळलाय याचा शेरा. म्हणजे अगदी कॉन्जॉइंटच, फक्त माणसं खरी. त्या अर्जदारांचं पुढचं आयुष्य शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर ठरायचं. हाइनम्युलर आणि डॉमिनिक हांगार्टनर यांनी अशी जुनी नोंदपत्रकं जमवली. त्यांतून निघालेलं चित्र अस्वस्थ करणारं आहे. भाषा येते का, नोकरी कोणती, किती मिसळलाय, या सगळ्यापेक्षा मूळ देश भारी पडला. बाकी सगळं सारखं असताना युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तानच्या अर्जदारांना उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या श्रीमंत देशांच्या अर्जदारांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त ‘नाही’ मतं पडली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, कारण नकाराचं कारणच द्यावं लागत नव्हतं. नंतर त्याच देशात पडद्यावरचे प्रयोग करून पाहिले, तेव्हा दोन अर्जदारांची जोडी समोर ठेवण्याची रीत खऱ्या मतदानाच्या सर्वांत जवळ गेली.

एकांतात माणूस जे करतो ते तो तोंडानं कबूल करेलच असं नाही. त्यासाठी यादीची युक्ती आहे. निम्म्या लोकांना तीन विधानं देतात आणि विचारतात, यांतली किती पटतात? कोणती ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. उरलेल्या निम्म्यांना तीच तीन विधानं आणि चौथं नाजूक विधान देतात. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे चौथं विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. कोणा एकाचं मत कधीच उघडं पडत नाही. अलेक्झांडर जेनस यांनी २०१० मध्ये या युक्तीनं अमेरिकी गोऱ्यांना स्थलांतर पूर्ण बंद करण्याविषयी विचारलं, तर थेट विचारल्यापेक्षा पाठिंबा बराच जास्त निघाला. हा फरक सर्वाधिक होता तो पदवीधरांत आणि स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांत.

आपल्या आयटीवाल्यांना थेट लागू पडेल असा अभ्यास नील मल्होत्रा, योतम मार्गालित आणि सेसिलिया मो यांचा. पोटावर पाय येतो म्हणून लोक विरोध करतात का? साऱ्या देशाचं मत पाहिलं तर हे कारण फिकं पडतं. कमी शिकलेले अमेरिकनही कमी शिकलेल्या स्थलांतरितांपेक्षा जास्त शिकलेल्यांनाच पसंती देतात. पण या तिघांनी मुद्दाम तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नोकरदारांना गाठलं आणि एच-१बी वाढवण्याविषयी विचारलं. तिथे विरोध इतर क्षेत्रांतल्या लोकांपेक्षा जास्त होता. म्हणजे ‘अमेरिकनांना आपण नकोच’ हे वाक्य देशाबद्दल खोटं आणि आपल्या मुलांच्या शेजारच्या टेबलाबद्दल काही अंशी खरं ठरू शकतं.

कायदेशीर असण्याचं कवच कायम टिकतं असंही नाही. कॅनडानं १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, काम यांना गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत आणली आणि पुढे कित्येक वर्षं तिथलं लोकमत जगातल्या सर्वांत स्वागतशील लोकमतांपैकी एक होतं. एन्व्हायरोनिक्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०२२ मध्ये ‘फार स्थलांतरित येताहेत’ म्हणणारे २७ टक्के होते. २०२३ मध्ये ४४ झाले, २०२४ मध्ये ५८. या काळात आलेले बहुतेक जण रीतसर व्हिसावर आलेले, त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. कुरकूर मुख्यतः घरांच्या भाड्यांची आणि किमतींची होती.

आणि एवढं मोजून झाल्यावर कायदा लोकमताप्रमाणे का बदलत नाही? २०२५ मध्ये नागरिकत्वाच्या संधीला पाठिंबा ७८ टक्क्यांवर गेला, तरी अमेरिकेत बेकायदा स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर कायदेशीर करणारा शेवटचा कायदा १९८६ चा. त्यातून सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. २०१३ मध्ये सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी असं विधेयक मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहात त्यावर मतदानच झालं नाही. अलेक्झांडर कुस्टोव यांनी दाखवलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. स्थलांतराला विरोध करणाऱ्यांना हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो, ते त्यावरून मत देतात. पाठिंबा देणारे ‘हो’ म्हणतात आणि मतदानाच्या दिवशी महागाईकडे, आरोग्यविम्याकडे पाहतात.

या खोळंब्याचा फटका अशा मुलांनाही बसतो ज्यांना पाहणीतला कुठलाच रकाना नीट लागू पडत नाही. आईवडील एच-१बीवर, मूल तीन-चार वर्षांचं असताना सोबत नेलेलं, सगळं रीतसर. ग्रीन कार्डमध्ये कोणत्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या व्हिसावरचा त्याचा हक्क संपतो. मग विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाही तर लहानपणी सोडलेल्या देशात परतायचं. बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये जे संरक्षण जाहीर झालं, ते या मुलांना मिळत नाही, कारण ते जाहीर झालं त्या दिवशी कायदेशीर वास्तव्य नसणं ही त्याची अट आहे. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात असा एकविसावा वाढदिवस जवळ येत असलेली मराठी घरंही आहेत.