डोंगराळ भागातला विकतचा हवामान अंदाज
डोंगरी मुलखातल्या धंदेवाल्यांना, म्हणजे हॉटेलं, रोपवे, सफरचंदाच्या बागा, हेलिकॉप्टर कंपन्या, जलविद्युत प्रकल्प, ट्रान्सपोर्टवाले वगैरेंना, त्यांच्या नेमक्या जागेचा आणि नेमक्या वेळेचा हवामान अंदाज पैसे घेऊन पुरवण्याचा धंदा म्हणजे हा विकतचा अंदाज. इंदूरसारख्या पठारावरच्या गावात बसून याच्याशी आपला काय संबंध असं वाटेल, पण चोइथराम मंडीत काश्मीरचं सफरचंद घेणाऱ्या आडत्याला विचारा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये उधमपूरकडे दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर हायवे बरेच दिवस अडला, ट्रक रांगेत उभे आणि माल आतल्या आत सडतोय, अशा वेळी पुढचे तीन दिवस त्या पट्ट्यात पाऊस थांबणार की नाही या एका उत्तरावर माल आत्ता भरायचा की थांबायचं, हे ठरतं. उन्हाळ्यात मराठी मंडळींना चारधामला नेणाऱ्या यात्रा कंपन्यांचंही तेच.

मुळात डोंगरात अंदाज अवघड का, तर थोड्या अंतरात सगळंच बदलतं. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला साधारण ६.५ अंशांनी उतरतं, म्हणजे ऋषिकेश ३४० मीटरवर आणि बद्रीनाथ ३,१०० च्या वर, तर एकाच दिवशी एकाच रस्त्याच्या दोन टोकांना १८ अंशांच्या आसपास फरक सहज पडतो. वाऱ्याकडची बाजू ढग अडवून पाऊस पाडून घेते आणि पलीकडची कोरडी राहते. दिवसा वारा दरीतून वर चढतो, रात्री उतरतो, आणि थंडीत गार हवा दरीच्या तळाशी साचून राहते त्यामुळे कधी कधी खाली दहिवर आणि वरच्या गावात त्यामानाने ऊब, असा उलटा प्रकार होतो. हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो, ते कधी येणार हे बरेच दिवस आधी कळतं पण पाऊस कोणत्या उंचीच्या वर बर्फ होणार हे शेवटपर्यंत हलत राहतं, आणि हॉटेलवाल्याला तर नेमकं तेवढंच हवं असतं.

सरकारी अंदाज फुकट आहे आणि तो वाईट नाही, हे आधी सांगायला हवं, कारण विकणारे बरेचदा वेधशाळेला नावं ठेवूनच सुरुवात करतात. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम हे अंदाजाचं संगणकी मॉडेल सुरू झालं, ते जमिनीचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशोब करतं, ही जाळी आधी १२ ची होती. हिमाचलमध्ये कुफरी, जोत आणि मुरारी देवी, उत्तराखंडमध्ये मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाउन इथे डॉप्लर रडार आहेत. हिमस्खलनाचा इशारा डीआरडीओची संस्था देते. पण ६ किलोमीटरच्या एका चौकोनात हिमालयात खाली नदी आणि वर दीड-दोन हजार मीटर उंच धार असं दोन्ही मावतं, मॉडेलला ते सगळं मिळून एकच सपाट जमीन दिसते, आणि रडारचा किरण डोंगराला अडला की त्याच्या मागच्या दरीत काय चाललंय ते दिसतच नाही. शिवाय सरकारी इशारा जिल्ह्याला असतो, ऑरेंज अलर्ट म्हटलं की सगळा चमोली जिल्हा आला. ही जी फट राहते तिच्यात हा धंदा उभा आहे.

मग खाजगी कंपनी करते काय? मोठ्या मॉडेलचा निकाल घेते, डब्ल्यूआरएफसारखं मोफत मिळणारं मॉडेल १ ते ३ किलोमीटरच्या जाळीवर चालवते आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर स्वतःचं ऑटोमॅटिक वेदर स्टेशन लावते. माझ्या मते खरी किंमत या तिसऱ्या गोष्टीला आहे, कारण मॉडेल कुणीही चालवू शकतं, मोठा डेटाही आता खुला होत चाललाय (स्वित्झर्लंडच्या सरकारी वेधशाळेने, मेटिओस्विसने, मे २०२५ पासून आपला डेटा मोफत खुला केला), पण त्या एका उतारावर दोन-तीन हंगाम मोजलेलं तापमान आणि वारा दुसऱ्या कुणाकडे नसतो, आणि मॉडेल तिथे नेहमी किती अंशांनी चुकतं हे त्यावरूनच कळतं. अर्थात स्टेशन लावून विसरून जाणारेही आहेत, पर्जन्यमापकात पानं अडकलेली आणि सोलर पॅनलवर बर्फ, अशा स्टेशनचा आकडा नसलेला बरा.

हा धंदा तसा जुना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जोएल मायर्स यांनी १९६२ मध्ये ॲक्युवेदर सुरू केली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक गॅस कंपनी होती, थंडी किती पडणार यावर गॅसची मागणी ठरते म्हणून. भारतात स्कायमेट २००३ पासून आहे.

गिऱ्हाईक पैसे देतो ते त्याच्या मर्यादेसाठी, म्हणजे हवामान कुठवर गेलं की त्याचं काम अडतं त्यासाठी, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते हे न समजता विकायला निघालेला माणूस दुसऱ्या हंगामात परत येत नाही. रोपवेवाल्याला पावसाशी फारसं देणंघेणं नसतं, वाऱ्याचा झोत त्याच्या थांबवायच्या मर्यादेवर किती वाजता जाणार एवढं सांगा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरवाल्याला दरीत ढग किती वाजता भरणार ते हवं, कारण पायलट डोळ्यांनी बघून उडवतो आणि सकाळी स्वच्छ असलेली दरी दुपारपर्यंत बंद होऊ शकते. नाथपा झाकरीसारख्या १,५०० मेगावॅटच्या प्रकल्पाला सतलजमध्ये पाणी किती आणि गाळ किती येणार हे हवं, गाळ फार वाढला की टर्बाइन वाचवायला वीजनिर्मितीच बंद करावी लागते. सफरचंदवाल्याचं सगळ्यात मजेदार आहे, त्याला थंडीत गारवा पुरेसे तास मिळाला का, फुलोऱ्यात दहिवर किंवा गारा पडणार का, आणि पान सलग किती तास ओलं राहणार हे सगळं लागतं, कारण स्कॅब रोग ओलेपणाचे तास आणि तापमान यांच्या हिशोबाने लागतो, त्याचं मिल्स टेबल नावाचं कोष्टकच आहे, आणि फवारणी केल्यावर तासाभरात पाऊस आला तर औषधाचे पैसे धुतले गेले.

विकताना सगळ्यात उपयोगी पडणारा हिशोब साधा भागाकाराचा आहे. समजा इंदूरच्या यात्रा कंपनीची बस जोशीमठला आहे, पुढे लामबगडला दरड पडायची भीती. एक रात्र थांबलं तर जेवणखाण-खोल्यांचे ३०,००० जादा, आणि पुढे जाऊन अडकलं तर तिकिटं रद्द, परतीची गाडी चुकली, सगळं धरून ३ लाख. ३०,००० भागिले ३ लाख म्हणजे १० टक्के, तेव्हा रस्ता बंद व्हायची शक्यता १० टक्क्यांच्या वर असेल तर थांबणं स्वस्त. म्हणजे या गिऱ्हाइकाला 'पाऊस पडेल' किंवा 'पडणार नाही' असं ठाम वाक्य विकणं चूक आहे, त्याला टक्केवारी द्या. ज्याचं थांबणंच महाग आहे तो ५० टक्क्यांनाही निघेल आणि त्याचंही बरोबरच असेल. अडचण एवढीच की धंदेवाल्याला टक्के ऐकायला आवडत नाहीत, तो म्हणतो भाऊसाहेब, जाऊ की नको ते सांगा, म्हणून चांगल्या कंपन्या फोनवर माणूस बसवतात आणि डोंगरात ॲपपेक्षा तो फोनच जास्त चालतो, नेटवर्क गेलं तर एसएमएस.

खरेदी करणाऱ्याने विचारायचं ते मागच्या हंगामाचं रेकॉर्ड. नुसतं '९० टक्के अचूक' याला अर्थ नाही, कारण कोरड्या महिन्यात रोज 'पाऊस नाही' म्हणणाराही तेवढा बरोबर येतो. किती इशारे दिले, त्यातले किती खरे झाले, आणि इशारा न देता किती वेळा झालं, हे तीन आकडे मागावेत. ढगफुटीचा नेमका अंदाज विकणाऱ्यापासून तर लांबच राहावं, २०-३० चौरस किलोमीटरवर तासात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ढगफुटी, आणि ती कोणत्या नाल्यावर होणार हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, पोषक स्थिती आहे एवढंच सांगता येतं. करारातही हे नीट लिहिलेलं असावं, बहुतेक करारांत नुकसानीची जबाबदारी कंपनी घेत नाही आणि जीवितहानीच्या इशाऱ्यासाठी सरकारी सूचनाच पाळायची असं कलम असतं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांचं. हिमालय नव्हे, पण टेकडीचा माथा, वाऱ्याचे झोत आणि सपाट मॉडेल ही भानगड तीच. मध्य प्रदेश वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी पवन आणि सौर ऊर्जेवाल्यांना वीज किती होणार याचं शेड्यूल १५-१५ मिनिटांच्या ब्लॉकने द्यावं लागतं, दिवसाचे ९६ ब्लॉक, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चुकलं तर पैसे भरावे लागतात. त्यामुळे इथे अंदाज विकणाऱ्याला स्वतःची तारीफ करावीच लागत नाही, गिऱ्हाईक आधीच्या आणि आताच्या दंडाची बिलं शेजारी ठेवतो आणि फी त्या फरकातून ठरते.