हॅकर : नीती आणि लोकदृष्टी

हॅकर म्हणजे संगणकप्रणाली आतून कशी चालते हे खोदून पाहणारा आणि त्या जाणकारीच्या बळावर, ती घडवणाऱ्याच्या मनातही नव्हते असे काम तिच्याकडून करवून घेणारा माणूस. हा मूळ अर्थ. रूढ अर्थ मात्र दुसऱ्याच्या संगणकात किंवा खात्यात चोरून शिरणारा असा आहे. हॅकरच्या नीतीवर होणारे बरेचसे वाद या दोन अर्थांच्या सरमिसळीतून उठतात. नागपूरच्या बोलण्यात या शब्दाला आणखी एक उपयोग सापडला आहे : आपली चूक झाकण्याचा.

सीताबर्डीवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक येते ते म्हणतच, ‘भाऊ, माह्यं व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं नं.’ दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काही डायल केलं होतं काय?’ थोडे आढेवेढे होतात आणि मग गोष्ट बाहेर येते. कुरिअरवाला बोलतोय म्हणून फोन आला, पार्सल अडकले आहे म्हणाला, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे चांदणीने (*) सुरू होणारा एक छोटा संकेत आणि पुढे एक मोबाइल क्रमांक असे डायल केले. हा कॉल वळवण्याचा साधा संकेत आहे. त्यानंतर येणारे कॉल चोराच्या फोनवर जातात. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड कॉलवरही मागवता येतो. तो चोराला ऐकू येतो आणि खाते त्याच्याकडे उघडते. कुलूप कोणी तोडलेले नसते, किल्ली मालकानेच हातात दिलेली असते. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून येणाऱ्या एपीके फाइलचे (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलचे) काम थोडे वेगळे. तिथे खरोखरच घुसखोर प्रोग्राम असतो, पण एसएमएस वाचायची परवानगी त्यालाही आपणच देतो. ‘माझं फेसबुक हॅक झालंय, कोणी पैसे मागितले तर देऊ नका’ या निरोपामागे तर पुष्कळदा नुसते नाव आणि फोटो उचलून काढलेले दुसरे खाते असते. मूळ खात्याला कोणी हातही लावलेला नसतो.

‘हॅक झालं’ या क्रियापदाला कर्ता नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाकीट ‘हरवलं’, दूध ‘नासलं’, तसे खाते ‘हॅक झालं’. बँका आणि कार्यालयेही संकेतस्थळ बंद पडले की याच वाक्यरचनेचा आसरा घेतात. असा हॅकर अदृश्य आणि सर्वशक्तिमान असल्याने त्याच्यापुढे कोणाचाच निष्काळजीपणा उरत नाही.

मूळ शब्दाला ही काळी छाया नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. रुळांखालच्या तारांची चतुर जोडणी म्हणजे तिथे ‘हॅक’. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हीच मुले रात्री टीएक्स-० या संगणकावर बसू लागली. यंत्र सर्वांना वापरता यावे, माहिती मोकळी असावी, माणसाची पारख पदवीवरून नव्हे तर हातच्या कामावरून व्हावी, हे त्यांचे अलिखित नियम. पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये ते शब्दांत मांडले. या नियमांत परवानगीला जवळजवळ जागाच नाही. एकच यंत्र सगळे मिळून वापरत होते आणि त्यात कोणाच्या पेन्शनचे पैसे नव्हते, तोवर हे खपून गेले.

लोकमत फिरले १९८३ मध्ये. मिलवॉकी शहरातील काही तरुण लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या आणि न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयाच्या संगणकांत शिरले, आणि वर्तमानपत्रांना ‘हॅकर’ हा शब्द मिळाला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत एका संगणकातून दुसऱ्यात जाणारा प्रोग्राम, सुमारे सहा हजार संगणकांत पसरला, असा तेव्हाचा अंदाज होता. त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा झाली. पुढे तो त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत प्राध्यापक झाला. वाईट हेतूने शिरणाऱ्याला ‘क्रॅकर’ म्हणावे, असे १९९३ मध्ये इंटरनेटच्या एका अधिकृत शब्दसूचीने सुचवले होते. ते काही रुजले नाही. आपल्याकडे क्रॅकर म्हणजे बिस्किट.

टोप्यांचे वर्गीकरण जास्त टिकले. परवानगीने चुका शोधणारा पांढऱ्या टोपीचा, चोरी करणारा काळ्या, आणि न विचारता शिरून नंतर मालकाला कळवणारा करड्या. ही कल्पना जुन्या अमेरिकी काउबॉयपटांतून आली आणि तिचे शब्दशः भाषांतर निदान नागपुरात तरी करू नये. १९२० चे काँग्रेस अधिवेशन आणि संघाचे मुख्यालय या दोन्हींच्या गावात पांढरी टोपी आणि काळी टोपी म्हटले की भलतीच चर्चा सुरू होते.

भारतीय कायद्याने टोप्यांचा विचार केलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, तेव्हा कलम ६६ चे शीर्षकच हॅकिंगचे होते. २००८ च्या दुरुस्तीने (अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून) तो शब्द तिथून गेला. आता कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे, प्रणाली बिघडवणे यांसाठी भरपाई सांगते. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या दोन कलमांच्या मधल्या फटीत अभियांत्रिकीचा विद्यार्थी सापडतो. निकालाच्या पानाच्या पत्त्यात आसनक्रमांकाचा एक आकडा बदलला की शेजारच्याची गुणपत्रिका उघडते, हे त्याला सहज दिसते. त्याचा हेतू कपटी नाही, म्हणून कलम ६६ लागणे अवघड. पण परवानगीही नव्हती, म्हणून कलम ४३ डोक्यावर राहतेच. सद्हेतूने चूक शोधणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. एक आकडा बदलून पाहणे आणि शंभर गुणपत्रिका उतरवून ‘पुरावा’ म्हणून मित्रांना दाखवणे यांत नैतिक फरक मोठा आहे, आणि तो त्या मुलाला कोणी शिकवलेला नसतो. कळवायचे असेल तर २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही केंद्रीय संस्था असे दोष नोंदवून घेते. कॉलेजच्या कार्यालयात सांगायला गेले तर आधी ओळखपत्र मागतात.

कंपनीने आधीच बक्षीस जाहीर केले असेल तर प्रश्न मिटतो. २०१६ मध्ये आनंद प्रकाश यांनी दाखवले की फेसबुकच्या चाचणीसाठीच्या पत्त्यावर पासवर्ड बदलण्याचा सहा आकडी कोड कितीही वेळा चुकवता येतो, म्हणजे सगळे आकडे लावून पाहून कोणाचेही खाते उघडता येते. त्यांना १५ हजार डॉलर मिळाले. अशा बातम्यांनी ‘एथिकल हॅकिंग’च्या क्लासला बळ दिले. तरी लग्नाच्या बायोडेटात मुलगा ‘सायबर सिक्युरिटीत’ असतो, हॅकर नसतो.

नागपूरशी जोडलेले सर्वांत गंभीर प्रकरण वेगळ्याच जातीचे आहे. येथील वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या संगणकात दूरनियंत्रणाचा घुसखोर प्रोग्राम वापरून कागदपत्रे पेरली गेली, असा अहवाल संगणकीय पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. शिरणारा कोण, हे अहवालात सांगितलेले नाही. चोरी इथे मुद्दाच नव्हता, त्यामुळे टोप्यांचे रंगही उपयोगाचे नाहीत. संगणकातील फाइल हा पुरावा किती भरवशाचा, हा प्रश्न पुढे आला.

सामान्य खातेदाराला ‘हॅक’ या शब्दाचा हिशेब पैशांत द्यावा लागतो. फसवणूक होताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन केला तर तिथे विचारतात व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ. खाते हॅक झाले की कोड सांगितला, यावर रक्कम गोठवणे अडत नाही. अडते ते बँकेशी भांडताना. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून प्रणालीत अन्यत्र असेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिलेला असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. म्हणून बँकेच्या काउंटरवर ‘हॅक झालं’ एवढ्यावर भागत नाही. तिथला कारकूनही दुकानदाराचाच प्रश्न विचारतो.